वाचलं, समजलं

१

शालिकराम वानखडे गेला त्याच्या चौथ्या दिवशी भगवंतरावांनी दामिनीला केबिनमध्ये बोलावलं आणि एक छापील कागद तिच्यापुढे सरकवला. कागदावर एकच ओळ होती. 'शालिकराम वानखडे, वलगाव. फवारणी सुरक्षा नियम, तिसरी आवृत्ती. वाचलं, समजलं. १२ सप्टेंबर, सकाळी ११.०७.'

"माणूस वाईट नव्हता," भगवंतराव म्हणाले. कंपनीचा सगळा कारभार त्यांच्या सहीवर चालायचा. "पण नियम वाचला, समजला म्हणून बटण दाबलं, अन् आठव्या दिवशी तोच मोडला. दोन औषधं एका पंपात मिसळली. त्याची बायको रोज विचारून राहिली, गावातले लोक म्हणतात नवऱ्यानं स्वतःच्या हातानं जीव घालवला, ते खरं काय? तिले एक पत्र द्यावं लागते. तू वलगावले जाऊन ये आणि दसऱ्याच्या आत अहवाल कर. मृताची स्वतःची चूक, एवढं वाक्य त्यात असू दे."

कंपनी बियाण्यांची. कचेरी अकोल्यात, प्रयोगाची शेतं अमरावतीजवळ वलगावला. सात वर्षांपूर्वी कंपनीनं फक्त आपल्या माणसांना उघडेल अशी एक जागा संगणकावर तयार केली. नियम, परिपत्रकं, रजेचे अर्ज, सगळं तिथं. इंट्रानेट हा शब्द कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून कुणीतरी तिला चावडी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. ह्या चावडीची राखण दामिनी गावंडेकडे होती. नियम कुणी लिहायचा, कुणी मंजूर करायचा, कधी बदलायचा, कुणी वाचला आणि कुणी टाळला, ह्या सगळ्याचा चोख बंदोबस्त तिनं केला होता. नियमाखालचं ते हिरवं बटणही तिचंच, आणि त्यावरचे 'वाचलं, समजलं' हे दोन शब्दही. त्या शब्दांवर ती खूश होती. तेव्हा असायला हरकतही नव्हती.

२०१७ चा तो हंगाम. कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारणीनं माणसं दवाखान्यात भरती झाल्याची बातमी पेपरात नाही असा दिवस जात नव्हता.

दामिनी आपल्या टेबलाशी आली आणि तिनं ती एक ओळ जिथून काढली होती ती पूर्ण यादी उघडली. वलगावच्या सतराही माणसांनी नियम वाचला होता. पहिल्यानं ११.०४ ला, शेवटच्यानं ११.०८ ला, आणि तेही हजेरीपटावर नावं आहेत त्याच क्रमानं. नियम पाच पानांचा होता.

चार मिनिटांत वलगावच्या संगणकापुढे सतरा माणसं येऊन बसणं शक्य नव्हतं. त्या चार मिनिटांत तिथं एकच माणूस बसलं होतं.

२

वलगावच्या गोदामात औषधाचा वास नाकाला झोंबत होता. गोदाम एकवीस वर्षं अब्दुल गफ्फार यांच्या ताब्यात. दामिनीनं नोकरीचे पहिले तीन महिने इथंच काढले होते, आणि कोणतं बियाणं कुठल्या थप्पीला लावायचं ते तिला ह्याच गफ्फारचाचांनी शिकवलं होतं. तेव्हापासून ती त्यांची बेटी. एरवी ती दिसली की हातचं काम टाकून चहा सांगणारे चाचा आज खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"औषध तुम्हीच काढून दिलं, चाचा?"

"मीच देलं. दोन्ही. त्यानं मांगतलं, मी देलं."

"मिसळायचं नाही, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

चाचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "मले काय माईत होतं अन् काय नोतं, थे इचारून काय करशीन बेटी? गफ्फारनं देलं, असं लिही अन् मोकळी हो."

दामिनी लिहायच्या ऐवजी बघत राहिली. टेबलावर औषध मोजायचे दोन प्लास्टिकचे पेले होते. दोन्हींवर मध्यावर लाल रंगाची रेघ, आणि औषधाचा पिवळट डाग दोन्हींत बरोबर त्या रेघेपर्यंत. कोपऱ्यात अकोल्याहून ऑगस्टमध्ये आलेलं एक खोकं, वरची पट्टी अजून न फाडलेली. त्यावर चिठ्ठी होती: 'वापराच्या सूचना चावडीवर पाहाव्यात.' तिनं पट्टी फाडली. आत तोंडाचे मास्क आणि डोळ्यांचे चष्मे होते, एकही न वापरलेला.

आणि दाराशेजारच्या भिंतीवर एक पांढरा चौकोन होता. बाकी सगळा चुना धुळीनं पिवळा पडलेला, तेवढाच भाग स्वच्छ. चार कोपऱ्यांना खिळ्यांची चार भोकं.

"इथं काय होतं?"

"कागद होता. गेला."

"कुणी काढला?"

चाचांनी चष्मा चढवला आणि ते पोत्यांच्या थप्पीमागे गेले. बारा वर्षांत ते तिच्याशी असं वागले नव्हते, आणि तिला ते फार लागलं.

शेताच्या बांधावर किशोर इंगोले भेटला. वलगावचं प्रयोगाचं शेत त्याच्याकडे होतं. त्याच्यामागं कपाशी इतकी दाट उभी होती, की आत शिरलेला माणूस दिसला नसता.

"मी त्या दिवशी मोर्शीले होतो, मॅडम. सोमवारी पाहुणे येनार होते, तवा फवारनी उरकून घ्या असं सांगून गेल्तो, थे खरं आहे." तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "पन औषधं मिसळा म्हून कोनं सांगतलं होतं? अंदाजपंचे ओतलं असंन त्यानं."

"तोंड उघडंच होतं त्याचं?"

"नाई. संगचे लोक सांगतात, ओलं फडकं बांधून होता. वाऱ्याकडे पाठ करून होता. तरी बी झालंच."

दामिनीला हे जुळेना. अंदाजपंचे ओतणारा माणूस दोन्ही पेल्यांत लाल रेघेवर नेमका थांबत नाही. बेफिकीर माणूस फडकं ओलं करून बांधत नाही आणि वारा कुठून येतो तेही बघत नाही. किशोरला घाई होती, आणि घाईत नियम आड येतात. नियमाचा कागद भिंतीवरून कुणाला नकोसा झाला असेल, तर त्यालाच.

"गोदामातला कागद तुम्ही काढला?"

"कोनता? अच्छा, शालिकचा कागद!" किशोर एकदम सरळ उभा राहिला. "थो तं जूनमंधीच गेला, मॅडम. माया डोळ्यानं पाह्यलं मी. खिळे उपसून राहिले होते गफ्फारचाचा."

३

कागदाला शालिकचा का म्हणायचे, ते यास्मीननं सांगितलं. गोदामाच्या पुढच्या खोलीत ती हजेरी आणि संगणक सांभाळायची. दामिनीनं यादी समोर ठेवली तशी तिनं ओढणी डोळ्याला लावली. फार विचारावं लागलंच नाही.

"मीच दाबलं ताई. सतराही."

"का पण?"

"तुमचा सोमवारचा फोन येते ना. वलगाव लाल काहून आहे म्हून. मानसं सकाळी सातले शेतात जातात, इथं बसून पाच पानं कवा वाचतीन? मी सगळ्याईचे पासवर्ड वहीत लिहून ठेवले." वही पुढे करत ती म्हणाली, "सगळ्याईचा एकच आहे तसा."

दामिनीला तो सोमवार आठवला. नियम वाचायचा बाकी असला की ते गाव चावडीवर लाल दिसायचं. ११ सप्टेंबरला तिनंच फोन करून यास्मीनला झापलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वलगाव हिरवं झालेलं पाहून 'शाब्बास वलगाव' असं चावडीवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं. खाली फुलाचं चित्रही टाकलं होतं. ते फूल आठवून तिला तोंड लपवावंसं वाटलं.

"तू तरी वाचला होतास नियम?"

"नाई ताई. आधी कधी गरजच पडली नाई. शालिकभाऊ वाचत."

मग यास्मीननं ते सगळं सांगितलं. वलगावची ही रीत अकोल्यात कुणालाच ठाऊक नव्हती. फवारणीच्या दिवशी सकाळी सगळी माणसं गोदामाच्या दाराशी जमायची. शालिकराम चौथीपर्यंत शिकलेला. भिंतीवरच्या कागदापुढे टोपी नीट करून तो उभा राहायचा आणि एकेक कलम मोठ्यानं वाचायचा. कलम संपलं की तो थांबायचा. सगळ्यांनी मिळून 'आयकलं' म्हटल्याशिवाय पुढचं कलम नाही. कुणी हसलं, बोललं, की पुन्हा पहिल्यापासून. किशोरसाहेबाला घाई असली तरी तो बांधावर घड्याळ बघत उभा राहायचा, पण शालिकभाऊ एक कलम गाळायचा नाही.

"अन् जूनमंधी कागद गेला. मंग वाचनंच बंद पडलं."

म्हणजे बटण यास्मीननं दाबलं, कागद चाचांनी काढला. पण एवढ्यानं पेल्यांतल्या लाल रेघेचा उलगडा होत नव्हता. नियमाचं कलमन् कलम वाचून घेणारा माणूस औषधं मिसळायला धजलाच कसा?

४

शालिकरामच्या बायकोजवळ, मैनाबाईजवळ, घरी चार बाया बसल्या होत्या. दामिनी आल्यावर त्या उठून बाहेर गेल्या. मैनाबाई भिंतीला टेकून बसलेली. तिनं रडणं-बिडणं काही केलं नाही, सरळ मुद्द्याचं विचारलं.

"बाई, पत्रात काय लिहिनार तुमी? त्यायची चूक होती म्हून?"

"तेच बघायला आले आहे."

"ते तसे नोते व बाई. कागदातलं अक्षर मोडत नोते ते." आणि डोळे मिटून तिनं एका दमात म्हटलं, "'कलम चार. दोन औषधे एकत्र करण्याची वेळ आल्यास प्रत्येकी अर्धेच माप घ्यावे. कलम पाच. तोंडाला ओले फडके बांधावे. कलम सहा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.' मले वाचता येत नाई. पन फवारनी असली का ते सकाळी इथं बसून म्हनून पाहात. लोकाईपुढं चुकाले नको म्हनत. आयकून आयकून मले बी पाठ झालं."

दामिनीनं ती वाक्यं ओळखली. ती तिचीच होती, शब्द न् शब्द. तीन वर्षांपूर्वी तिनंच ती लिहून काढली होती. पण ती दुसरी आवृत्ती. ह्या ऑगस्टमध्ये तिसरी आली. तिच्यात कलम चार साफ उलटं होतं: कोणत्याही परिस्थितीत औषधे एकत्र करू नयेत, मास्क आणि चष्म्याशिवाय पंप उचलू नये, पीक खांद्याच्या वर गेल्यास पाठीवरच्या पंपाने फवारणी बंद करावी.

अर्धं माप, ओलं फडकं, वाऱ्याकडे पाठ. शालिकरामनं नियम मोडला नव्हता. त्याला पाठ होता तो नियम त्यानं मरेपर्यंत पाळला होता.

"तो कागद कुठं आहे, मैनाबाई?"

मैनाबाईनं लोखंडी पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली घडी करून ठेवलेला मोठा कागद निघाला, चारही कोपऱ्यांना भोकं असलेला. "गफ्फारचाचानं देला होता त्याईले. फेकाचा कसा म्हने, तूच ठेव."

दामिनीनं घडी उलगडली. खालच्या कडेला निळ्या शाईत चाचांचं ठेंगणं अक्षर होतं. 'चावडीवरील प्रत-नियंत्रण नियम, कलम ९ प्रमाणे भिंतीवरून काढला. २ जून. अ. गफ्फार.'

कलम ९ कुणी लिहिलं होतं, ते बघायला दामिनीला चावडी उघडायची गरज नव्हती.

५

प्रत-नियंत्रण नियम हे चाळीस कलमांचं प्रकरण होतं. कुठल्याशा मोठ्या कंपनीचा नमुना समोर ठेवून मे महिन्यातल्या एका दुपारी दामिनीनं तो मराठीत उतरवला होता. कलम नऊ म्हणत होतं: नियमांच्या छापील प्रती कोठेही लावू नयेत, असलेल्या त्वरित काढाव्यात, खरी प्रत फक्त चावडीवर. त्यात तसं चूक काही नव्हतं. जुने कागद भिंतीवर राहिले तर माणसं जुनंच धरून बसतात, हे तिला ठाऊक होतं. भिंतीवरून काढलेला कागद डोक्यातून निघत नाही, हे तेवढं तिच्या लक्षात आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती चाळीस कलमं कुणी वाचेल, असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

ती गोदामात परत आली तेव्हा चाचा तिची वाट बघत असल्यासारखे बसले होते. तिनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खण उघडला आणि त्यातून पिनेनं टाचलेली पानं काढली. चाळीसही कलमं यास्मीनकडून छापून घेतलेली, पेन्सिलनं ओळी मारलेल्या. काही ठिकाणी समासात बरोबरची खूण. अख्ख्या कंपनीत तो नियम वाचलेला बहुधा हा एकच माणूस.

"तू लिहिलं होतं म्हून वाचलं," चाचा म्हणाले.

"मग मघाशी बोलला का नाहीत, चाचा? मी तुमच्यावरच संशय घेत होते."

"खाली तुयं नाव होतं बेटी. मायी नोकरी राहिली चार महिन्याची. तुयी अजून पुरी पडली आहे. म्हटलं, मायं नाव लिहून होत असंन तं होऊ दे." त्यांनी पानं खणात परत ठेवली. "पन मैनाले काय सांगू, थे मले सुचून नाई राहिलं. शालिक मले इचारे, चाचा, नवा कागद कवा येते? मी म्हनो, येईन बाबा, चावडीवर आहे म्हनतात. चार खेपा इचारलं त्यानं."

दामिनी पोत्यावर बसली आणि रडली. एवढ्या वर्षांत ती ऑफिसच्या कामासाठी कधी रडली नव्हती. शालिकरामनं चार वेळा विचारलं होतं, आणि त्याचा प्रश्न पोहोचावा अशी एकही जागा तिच्या चोख बंदोबस्तात नव्हती. बटण होतं ते फक्त हो म्हणायचं.

६

अकोल्याला भगवंतरावांच्या टेबलावर तिनं एकेक वस्तू मांडली. दोन पेले, घडीचा कागद, सतरा नावांची यादी. किशोरलाही बोलावून घेतलं होतं.

"शालिकरामनं हे बटण दाबलं नाही," ती म्हणाली. "चार मिनिटांत सतरा जणांच्या नावानं एकाच हातानं ते दाबलं, आणि ते माझ्या फोनला भिऊन. त्यानं अंदाजपंचेही ओतलं नाही. दोन्ही पेल्यांत औषध लाल रेघेपर्यंत आहे, म्हणजे अर्धं माप. फडकं आणि वारा धरून हे सगळं दुसऱ्या आवृत्तीतलं आहे. ती त्याला तोंडपाठ होती, हे त्याच्या बायकोनं मला म्हणून दाखवलं. तिसरी त्याच्यापर्यंत गेलीच नाही, कारण त्याला वाचता यायचं ते भिंतीवरचं, आणि भिंत मी मोकळी करून घेतली होती. कागद असता तर चाचांनी नवा लावला असता. शालिकरामनं तो वाचला असता, सगळे 'आयकलं' म्हणाले असते, आणि पंप कुणी उचललाच नसता."

किशोर मान खाली घालून बसला होता. "मायं नाव अकोल्याच्या यादीत आहे, मॅडम. मीबी बटन दाबलं होतं. वाचलं नोतं. वाचलं असतं तं उरकून घ्या म्हटलं नसतं."

"तिसऱ्या आवृत्तीला मंजुरी कुणाची आहे?" भगवंतरावांनी विचारलं.

"तुमची, साहेब. एका दुपारी नऊ नियम मंजूर केलेत तुम्ही. मीच म्हटलं होतं, महिना संपायच्या आत करा म्हणून."

भगवंतरावांनी पेला उचलून लाल रेघ बघितली. ते निर्दय नव्हते. पण शेवटी ते म्हणाले, "हा अहवाल मी मंजूर नाही करत, दामिनी. अन् मंजुरीशिवाय चावडीवर काही चढत नाही, हा नियम तुयाच आहे."

नियम तिचाच होता. चावडीच्या किल्ल्याही तिच्याकडे होत्या. मनात आणलं असतं तर दोन मिनिटांत अहवाल चढवून सगळ्यांकडून 'वाचलं, समजलं' घेता आलं असतं. तिनं ते केलं नाही. तिनं अहवाल एका पानात बसवला, खाली सही केली, तिसऱ्या आवृत्तीसोबत मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि सकाळच्या गाडीनं वलगावला गेली. कलम ९ तिनंच लिहिलं आणि पहिल्यांदा मोडलंही तिनंच. पुढे नोकरीचं काय व्हायचं ते होईल, असं तिनं मनाशी म्हणून टाकलं.

चाचांनी त्याच चार भोकांत खिळे ठोकले. माणसं दाराशी जमली. खोक्यातले मास्क प्रत्येकाच्या हातात होते. यास्मीननं मैनाबाईला आणलं होतं, ती उंबऱ्याजवळ उभी राहिली. कुणीतरी वाचायला हवं होतं, आणि सगळे दामिनीकडे बघत होते.

तिनं आधी नवा नियम वाचला. प्रत्येक कलमानंतर थांबली. पहिल्या कलमाला कुणी बोललं नाही. दुसऱ्याला चाचा एकटे म्हणाले, "आयकलं." पुढच्या कलमांना सगळे म्हणाले.

मग तिनं दुसरा कागद वाचला. "'शालिकराम वानखडे यांनी नियम मोडला नाही. त्यांना ठाऊक असलेला नियम त्यांनी तंतोतंत पाळला. नवा नियम त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. तो पोहोचवण्याचे काम माझे होते. ते मी केले नाही. दामिनी गावंडे.'"

माणसं हातातले मास्क चाचपत उभी राहिली. मैनाबाई पुढे आली, तिनं त्या कागदावर खालून वर हात फिरवला आणि दामिनीच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, "हे तुमचं नाव होय?"

"हो."

"आयकलं," मैनाबाई म्हणाली. समजलं, असं ती म्हणाली नाही, आणि दामिनीनंही तिला ते विचारलं नाही.